मत्तोम्मे सरांविरुद्धचा अर्ज

आमच्या केमिस्ट्रीच्या प्रोफेसरांबद्दल विद्यार्थ्यांत दोन मतं नव्हती, असं कुणी म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका. मतं चिकार होती. सगळी वाईट होती, एवढंच.

हॉस्टेलच्या पहिल्या खोलीचं मत असं की सरांना लहानपणी कुणीतरी फार मारलेलं असणार आणि त्याचा सूड ते आमच्यावर उगवतात. विहिरीजवळच्या खोलीचं मत असं की त्यांना पोटाचा जुनाट विकार आहे आणि तो सकाळी पहिल्या तासाला जोर करतो. उचगावहून सायकलनं येणारी पोरं म्हणायची, "त्यो मानूसच न्हवं रं, तराजू हाय. वर कोट घातलाय म्हणून कळंना." गोकाकचा बसवराज हा आमच्या वर्गातला सगळ्यात मवाळ मुलगा. मुंगी चावली तर तिलाच लागलं का विचारणारा. त्याचंसुद्धा मत होतं की सरांना एकदा तरी एखाद्या परीक्षेत नापास करावं, म्हणजे कळेल. माझं मत या सगळ्यांत सौम्य होतं. मला फक्त वाटायचं की सरांनी दुसरीकडं नोकरी धरावी, शक्यतो जिथं कॉलेज नाही अशा गावी.

लढाईची वर्षं होती. बेळगावात आमचं कॉलेज नवंच होतं. लॅबोरेटरी म्हणजे एक लांबलचक कौलारू खोली, तिला पूर्वेकडं खिडक्या. सर त्यातल्या मधल्या खिडकीशी उभे राहायचे. बुटका बांधा, धोतर, पायात पंप शू, आणि अंगात काळा कोट. त्या कोटावर ॲसिडचे थेंब उडून इतकी भोकं पडली होती की आतला पांढरा सदरा चांदण्यासारखा दिसायचा. आपण टेस्टट्यूब घेऊन जायचं, ती ते दोन बोटांत धरून उजेडाकडं करायचे, डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "पुन्हा करा."

मुलगा कानडी असला तर म्हणायचे, "मत्तोम्मे." म्हणजे पुन्हा एकदा. बेळगावात राहून सबंध कानडी भाषेतून त्यांनी एवढा एकच शब्द उचलला होता. शिकवायचे इंग्रजीत, रागवायचे मराठीत आणि नाउमेद करायचे कानडीत. त्यावरून त्यांचं नावच मत्तोम्मे पडलं. मराठी मुलंही त्यांना मत्तोम्मेच म्हणायची. सबंध कॉलेजात दोन्ही भाषांच्या मुलांचं ज्यावर एकमत झालं होतं अशी तेवढी एकच गोष्ट होती.

त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे 'साधारण' हा शब्द. "सर, साधारण निळसर रंग आला." "साधारण म्हणजे कुठल्या बाजूला साधारण? हिरव्याच्या की जांभळ्याच्या?" एकदा प्रिन्सिपॉलसाहेब व्हरांड्यात सहज म्हणाले, "आज साधारण उकडतंय." सर तिथंच थांबले, परत लॅबोरेटरीत गेले, थर्मामीटर बघून आले आणि साहेबांना आकडा सांगून वर्गात गेले. साहेब सज्जन. त्यांनी आभार मानले. तेव्हापासून ते सरांसमोर हवेविषयी काही बोलत नसत.

दुसरा शत्रू म्हणजे मत. "मत फुकट मिळतं, म्हणून सगळ्यांकडं असतं," असं ते म्हणायचे. "तुम्ही काय बघितलं ते सांगा. तुम्हाला काय वाटलं ते घरी आईला सांगा."

दूधवाल्याची गोष्ट कॉलेजातल्या प्रत्येक नव्या पोराला आल्या आल्या ऐकवली जायची. सर टिळकवाडीत भाड्यानं एकटेच राहायचे. दूध उचगावचा एक गवळी घालायचा. सर दारात उभे राहून त्याच्या चरवीत दूध तपासायची काचेची नळी सोडायचे आणि आकडा मोठ्यानं वाचायचे. गल्ली ऐकायची. गवळी बिचारा कंटाळून एक दिवस म्हणाला, "सर, मी पानी घालत न्हाय वो. म्हशीनंच जास्त पेलं आसंल."

"मग म्हशीला आणा," सर म्हणाले.

गवळी इरेला पेटला. दुसऱ्या दिवशी खरोखरच म्हैस घेऊन आला. टिळकवाडीतल्या वकील-डॉक्टरांच्या बंगल्यांमधून ती डौलानं चालत आली, आणि सरांच्या फाटकाशी त्यानं धार काढून दाखवली. सरांनी नळी सोडली. आकडा कालचाच. आता माणूस शरमेल, चार गोड शब्द बोलेल, असं गल्लीला वाटलं. सर म्हणाले, "बरोबर आहे. पाणी तुम्ही घालत नाही. उद्यापासून म्हशीला कमी पाजत चला." गवळ्यानं म्हैस वळवली ती वळवलीच. त्यानंतर सरांकडं दूध घालायला कुणी तयार होईना आणि वर्षभर ते कोरा चहा पीत होते. विचारलं तर सांगायचे, "चव वाईट आहे, पण काय पितोय ते माहीत आहे."

आता कुणी म्हणेल, निदान स्वतः तरी नियमानं वागत असतील. छे. तराजूच्या खोलीत आम्हाला श्वास रोखून उभं राहावं लागे. तिथली पारडी इतकी नाजूक की उच्छ्वासानं हलतात, असं त्यांचं म्हणणं. आणि स्वतःला तपकिरीचं व्यसन. तीही निपाणीची, कडक. एकदा बसवराज अर्धा तास खपून वजन करत होता. शेवटचं चिमुकलं वजन चिमट्यानं पारड्यात ठेवतोय, तोवर पाठीमागून सरांना शिंक आली. शिंक कसली, सुरुंग. वजन उडालं, पारडं उलटलं, पावडर बसवराजच्या मिशीत गेली. सरांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "जर्नलमध्ये शिंकेची नोंद करा. आणि, मत्तोम्मे."

बाळगोंडाची ओळख इथंच करून देतो, कारण पुढं सगळं त्याच्याभोवती घडलं. निपाणीजवळच्या एका खेड्यातल्या जैन शेतकऱ्याचा तो मुलगा. घरची तंबाखूची शेती आणि छोटी वखार. घरात कानडी, बाजारात मराठी, त्यामुळं दोन्ही भाषा त्याला सारख्याच यायच्या. वडिलांनी त्याला एका अटीवर कॉलेजात घातलं होतं. एकदा अडखळलास की गपगुमान वखारीत येऊन बसायचं. आणि सगळ्यांत जास्त 'पुन्हा करा' कुणाच्या वाट्याला आलं असेल तर त्याच्या.

तरी एकदा, एकदाच, सर त्याच्यावर खूश झालेले मी पाहिले. हायड्रोजन सल्फाइडचा तास होता. हा वायू म्हणजे असा की शेजारच्या वर्गात संस्कृतच्या शास्त्रीबुवांचा शृंगाररस चालू असला तरी तो नाकाला उपरणं लावून चाले. आम्ही सगळ्यांनी पुस्तकात होतं तसं जर्नलमध्ये लिहिलं, 'कुजक्या अंड्यासारखा वास'. सरांनी जर्नलं बघितली आणि विचारलं, "कुजकं अंडं हुंगलेले किती जण आहेत? हात वर करा."

घरी कोंबड्या असलेल्या उचगावच्या एकाचा हात वर आला. बाकी आम्ही ब्राह्मण, लिंगायत, जैन. ताजं अंडंसुद्धा लांबूनच पाहिलेलं. सरांनी त्या एका मुलाचं जर्नल सोडून सगळ्यांच्या ओळीवर लाल रेघ ओढली. बाळगोंडाच्या जर्नलपाशी मात्र थांबले. त्यानं ओळच कोरी ठेवली होती.

"हे का लिहिलं नाही?"

"सर, आमच्यात अंडं घरात येत न्हाय. वास कसा आसतोय मला म्हाईत न्हाय."

"मग हा वास कशासारखा आहे?"

बाळगोंडानं डोळे मिटून विचार केला. "वखारीत उंदीर मरून पडलेला आसतोय आनि त्यो घावत नसतोय, तसा."

"लिहा," सर म्हणाले. "हे निरीक्षण." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं त्या ओळीवर बरोबरची खूण केली. पुढल्याच तासाला त्याला चारदा पुन्हा करायला लावलं, ते वेगळं.

फेब्रुवारीत आभाळ कोसळलं. इंटर सायन्सच्या परीक्षेला बसायचं तर आधी कॉलेजनं टर्म द्यावी लागे, म्हणजे वर्षभर काम पुरं केल्याची सही. सरांनी निम्म्या वर्गाला टर्म नाकारली. कारण एकच, प्रयोग अपुरे. प्रयोग अपुरे का, तर एकच प्रयोग पुन्हापुन्हा करण्यात वर्ष गेलं. या नावांत मी होतो, बाळगोंडा होता, बसवराज होता, आणि आमच्या संस्थेच्या चेअरमनसाहेबांचा पुतण्याही होता. चेअरमन हे गावातलं मोठं प्रस्थ. कॉलेजच्या इमारतीच्या दारावर त्यांच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं. त्या दाराखालून त्यांचा पुतण्या टर्म न मिळता बाहेर पडणार, हे त्यांना पटणं शक्य नव्हतं.

आम्ही प्रिन्सिपॉलसाहेबांना अर्ज करायचं ठरवलं. मागण्या दोन. टर्म मिळावी आणि सरांना काढावं. लिहायचं काम माझ्याकडं आलं. अर्ज इंग्रजीत लिहायचा होता आणि मला इंग्रजी शिव्या येत नसल्यामुळं मी त्यात विशेषणं भरली. क्रूर, हेकट, छळवादी, उद्धट, पक्षपाती. शेवटचं विशेषण सगळ्यांना फार आवडलं. सगळ्यांनी सह्या केल्या.

प्रिन्सिपॉलसाहेब किती सज्जन होते ते मी सांगितलंच आहे. माणसाविरुद्ध तक्रार आली तर ती आधी त्या माणसाला दाखवावी, असं त्यांचं तत्त्व. त्यांनी अर्ज उचलून सरांकडं पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते हातात अर्ज घेऊन. त्यांनी तो टेबलावर पसरला. सबंध कागद लाल शाईनं माखला होता.

"हे कुणी लिहिलंय ते मी विचारत नाही," ते म्हणाले, "कारण त्याला शून्य द्यावं लागेल. 'क्रूर.' केव्हा? कुणाशी? त्या वेळी कोण हजर होतं? 'हेकट.' कुठल्या प्रसंगी? 'छळवादी' आणि 'क्रूर' यांत फरक काय? असला तर दाखवा, नसला तर एक खोडा. यात एकही निरीक्षण नाही. नुसते निष्कर्ष आहेत. हा अर्ज घेऊन मला कोण काढील?"

वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि सरांनी तिचं वजन विचारलं असतं.

"पुन्हा करा," ते म्हणाले. "सोमवारी आणा."

असला अपमान आमचा कधी झाला नव्हता. माणसाविरुद्ध तक्रार करावी आणि त्यानं ती शुद्धलेखनासारखी तपासून परत द्यावी! बसवराजसुद्धा संतापला. रविवारी सकाळी जेवणाआधीच आम्ही हॉस्टेलच्या व्हरांड्यात बसलो. ठरवलं, आता असा अर्ज लिहायचा की एका शब्दाखाली लाल रेघ ओढता येऊ नये. प्रसंग, साक्षीदार, सगळं.

आणि सांगायला आनंद वाटतो की पहिल्या अर्जापेक्षा हा कितीतरी भयंकर झाला. विशेषणं काढली आणि हकिगती घातल्या तेव्हा कळलं की सर आपल्याला वाटत होते त्याहून वाईट आहेत. तापानं फणफणलेल्या मुलाला त्यांनी "आधी ताप मोजून आणा" म्हणून परत पाठवलं होतं. एकाच्या आजोबांच्या तेराव्याची रजा त्यांनी दिली होती, पण "आजोबा साधारण कधी वारले" असं त्यानं लिहिलं म्हणून अर्ज पुन्हा लिहायला लावला होता. ॲसिडं लढाईमुळं मिळत नसताना एकेक प्रयोग इतक्यांदा करायला लावला की वर्षाचं सामान दिवाळीपर्यंतच संपलं होतं. साक्षीदार रांगेनं उभे होते. आम्ही खुशीत आलो.

अडलं ते 'पक्षपाती'वर.

"लिही," उचगावचा एक पोरगा म्हणाला, "कानडी पोरांस्नी झुकतं माप देतोय. त्यांच्यासंगं त्यांच्या भाषेत बोलतोय की."

बसवराज ताडकन उठला. "काय बोलतात रे? एकच शब्द बोलतात! तुम्हाला पूर्ण वाक्य मिळतं. तुमचा पक्षपात करतात सर. आमच्या मुलांचं सगळ्यांचं हेच म्हणणं आहे."

तेव्हा कुठं कळलं. वर्षभर अर्धा वर्ग समजत होता की सर कानड्यांचे, आणि अर्धा समजत होता की ते मराठ्यांचे. बाळगोंडा दोन्हींकडचा, म्हणून त्यालाच मध्ये बसवलं आणि दोन्ही बाजूंनी पुरावे मांडायला सुरुवात केली. मराठी मुलांतल्या किती जणांची टर्म गेली, कानडी मुलांतल्या किती. कुणाला जास्त पुन्हा, कुणाला जास्त मत्तोम्मे. तास गेला. आमटी थंड झाली. शेवटी बाळगोंडा म्हणाला, "काय बी निघंना गा. दोनी पारडी सारखीच हाईत." नाइलाजानं 'पक्षपाती' खोडला. आम्हाला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. सबंध अर्जात जीव असलेला तेवढाच शब्द होता.

सोमवारी सरांनी नवा अर्ज वाचला. उभ्याउभ्या, खिडकीच्या उजेडात. शेवटी खिशातून पेन काढलं आणि खाली एक ओळ लिहिली, 'मजकूर तपासला. बरोबर आहे.' सही केली आणि स्वतः नेऊन प्रिन्सिपॉलसाहेबांच्या टेबलावर ठेवला.

आता मॅनेजिंग कमिटीची बैठक लागली. त्याच्या आदल्या दिवशी चेअरमनसाहेबांनी मला आणि बाळगोंडाला घरी बोलावलं. चांदीच्या पेल्यातून मसाल्याचं दूध दिलं. अर्जाची प्रत त्यांच्यापुढं होती.

"अर्ज चांगला आहे," ते म्हणाले. "पण यावर माणूस निघत नाही. कडक शिकवतो म्हणून कुणाला काढलं तर पुण्या-मुंबईला हसतील. पक्षपात पाहिजे. पक्षपात असला की बोलायला जागा नाही."

"साहेब, ते लिहिलं होतं, पण खोडलं," मी म्हणालो. "अर्धे म्हणतात मराठीचा, अर्धे म्हणतात कानडीचा."

"मराठीचा सांगा नाहीतर कानडीचा सांगा. मला दोन्ही चालतील. पण पक्षपात सांगा." मग ते बाळगोंडाकडं वळले. "तू सांग. तुझ्या दोन्ही भाषा. तुझ्यावर दोन्हीकडचे लोक विश्वास ठेवतील. उद्या एवढं वाक्य बोल, तुम्हा सगळ्यांच्या टर्म मी दोन दिवसांत देतो. परीक्षेला बसा."

परत येताना खडेबाजारातून चालत होतो. मी बाळगोंडाला समजावत होतो. एक वाक्य, त्यात काय मोठं? सर तसेही गेलेच पाहिजेत. तुझे वडील तुला वखारीत बसवतील. तो मान हलवत होता. मला वाटलं, पटलं.

बैठक कॉलेजच्या मोठ्या दालनात भरली. कमिटीची मंडळी, प्रिन्सिपॉलसाहेब, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर भोकाभोकांचा कोट घालून सर. आम्ही विद्यार्थी भिंतीशी उभे. चेअरमनसाहेबांनी बाळगोंडाला पुढं बोलावलं.

"भिऊ नकोस. हे प्रोफेसर तुम्हाला कसे वागवतात?"

बाळगोंडानं खोलीवरून निघतानाच शुद्ध बोलायची तयारी केली असावी, पण उभा राहिल्यावर ती सगळी वाहून गेली. "सर लई वंगाळ हाईत," तो म्हणाला.

चेअरमनसाहेब सुखावले. "छान. आणि पक्षपात? कुणाला जवळ, कुणाला लांब?"

बाळगोंडाची मूठ उघडत-मिटत होती. भिंतीशी उभ्या निम्म्या वर्गाचं वर्ष त्या मुठीत होतं आणि ते त्याला कळत होतं.

"न्हाय," तो म्हणाला. "तसं न्हाय. सगळ्यास्नी सारखंच वंगाळ हाईत."

कुणीतरी खोकलं. आणि कोपऱ्यातून सरांचा आवाज आला, "'लई' म्हणजे किती?"

प्रिन्सिपॉलसाहेबांना हसू आवरेना, त्यांनी रुमाल काढला. चेअरमनसाहेबांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी आमचा अर्ज पुन्हा पुढं ओढला, चष्मा लावला आणि पानं उलटू लागले. एका ठिकाणी बोट थांबलं.

"ॲसिडं आणि इतर सामान. वर्षाचा साठा दिवाळीपर्यंत संपवला. हे खरं का, प्रोफेसर?"

"खरं आहे," सर म्हणाले. "मुलांनी नीट लिहिलंय. साक्षीदारही आहेत."

"लढाईच्या दिवसांत ही उधळपट्टी संस्थेला परवडणार नाही."

"हे तुमचं मत झालं," सर म्हणाले, "पण निरीक्षण बरोबर आहे."

झालं. पुढल्या दिवाळीपर्यंतची मुदत देऊन सरांना काढायचं ठरलं. ज्या कलमानं त्यांचा गळा कापला ते कलम आम्हाला त्यांनीच लिहायला लावलं होतं, आणि बरोबर आहे म्हणून सहीही त्यांनीच केली होती. आम्ही जिंकलो होतो. फक्त टर्म मिळाली नाही. पक्षपाताचं वाक्य आलं नाही, तेव्हा चेअरमनसाहेबांनी आपला शब्द मागं घेतला. पुतण्याला त्यांनी धारवाडला कुठंतरी घातलं. आमचं वर्ष बुडालं.

हॉस्टेलनं बाळगोंडाला वाळीत टाकलं. मेसमध्ये त्याच्या पंक्तीला कुणी बसेना. मीही बसत नव्हतो. एक वाक्य बोलला असता तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न मला तेव्हा पडत होता आणि खरं सांगायचं तर पुढंही बरीच वर्षं पडत होता.

आठवड्यानं त्याचे वडील आले. उंच, काटक, डोक्याला पांढरा पटका. मुलाला न्यायलाच आले होते. पण जाण्याआधी ते तडक लॅबोरेटरीत शिरले. आम्ही खिडक्यांना चिकटलो.

"मास्तर, माझ्या पोरानं तुमच्यासाठनं तोंड उघडलं," ते म्हणाले. "समदी पोरं त्येच्यावर रुसल्यात. त्येचं वरीस तेवढं वाचवा."

"तुमच्या मुलानं माझ्यासाठी काही केलं नाही," सर म्हणाले. "त्याला विचारलं, त्यानं दिसलं ते सांगितलं."

"मग त्येचं काय बक्षीस हाय का न्हाय?"

"दिसलं ते सांगायचं बक्षीस नसतं. प्रयोग पुरे केले असते तर टर्म दिली असती. केले नाहीत."

"म्हंजे तुमी सही करनार न्हाय."

"नाही."

म्हाताऱ्याच्या मानेवरची शीर फुगली. हा आता सरांना उचलून खिडकीबाहेर टाकतो, अशी आम्हाला आशा वाटली. पण तो नुसताच वळून बाहेर आला. व्हरांड्यात बाळगोंडा ट्रंक घेऊन उभा होता.

"बाळ्या, ह्यो मानूस यडा हाय."

"व्हय आप्पा."

"वंगाळ आसता तर तुला आत्ता घिऊन गेलो आसतो." त्यांनी ट्रंक स्वतः उचलली आणि परत हॉस्टेलच्या दिशेनं चालायला लागले. "यड्याकडं ऱ्हा आनि एक वरीस."

जूनमध्ये आम्ही सगळे पुन्हा त्याच बाकांवर बसलो. दिवाळीला नोकरी जाणार हे माहीत असलेला माणूस जरा मऊ होईल, अशी आमची समजूत. काडीचा फरक नाही. सामान कमी झालं तर सर स्वतःच्या पैशानं आणायचे आणि त्यातही पुन्हा करायला लावायचे. बाळगोंडाशी त्यांनी त्या बैठकीबद्दल एक शब्द काढला नाही. आभार नाहीत, ओळखीचं हसू नाही. त्याची टेस्टट्यूब उजेडात धरायचे आणि इतर सगळ्यांना म्हणायचे तेच त्याला म्हणायचे. कुणाला हे थोर वाटत असेल. मला त्या वेळी ते निर्लज्जपणाचं वाटलं, आणि आजही त्या मतात फारसा बदल नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ते पुण्याच्या गाडीनं गेले. आम्ही चौघंपाच जण स्टेशनवर गेलो होतो. निरोप द्यायला नव्हे, खरोखर जातात याची खात्री करून घ्यायला. एक ट्रंक, एक वळकटी आणि काचसामानाची एक पेटी, तिला त्यांनी खिडकीजवळची जागा दिली आणि स्वतः मध्ये बसले. आम्हाला बघून त्यांनी विचारलं, "आज प्रॅक्टिकल नाही?"

"सुट्टी आहे सर."

"हं," ते म्हणाले. गाडी हलली. कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही. आम्ही बाजारात जाऊन कुंदा घेतला, तिथंच उभ्यानं खाल्ला आणि तो फार गोड लागला. बाळगोंडानंही खाल्ला.

नवे सर म्हणजे देवमाणूस. गोरेपान, तरुण, कोटाला एक भोक नाही. पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यांनी सगळ्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाळगोंडा आपली टेस्टट्यूब घेऊन त्यांच्यापुढं उभा राहिला. सरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "छान. बरोबर."

बाळगोंडा हलेना.

"काय झालं?"

"सर, तुम्ही बघितलंच न्हाय."

"बघायला कशाला पाहिजे? तुमच्यावर माझा विश्वास आहे."

सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. बाळगोंडा मात्र तसाच उभा होता, नळी उजेडाकडं धरून.

त्या वर्षी इंटरच्या परीक्षेत प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी विश्वास न ठेवता बघितलं. बाळगोंडा पास झाला, मी काठावर सुटलो, आणि वर्गातले बहुतेक सगळे नापास झाले. निकालानंतर कॉलेजात एक छोटासा समारंभ झाला. नापास झालेल्यांनीच वर्गणी काढून नव्या सरांच्या गळ्यात हार घातला.